गुरुवारचा गारवा

"मोटरी सुरू असल्या की इथं उभं राहवत नाही, साहेब," कारखान्याचे वॉचमन गायखे म्हणाले.

एसी किती टनांचा लागेल ते ठरवायला आलेल्या इंजिनिअरनं मोटरीवर हात ठेवला. "गार तर आहे!" गारच असणार, गुरुवार होता, एमआयडीसीतला सुट्टीचा दिवस. गर्दी नको म्हणून त्यानं मुद्दाम तोच निवडला होता.

छोटासाच एसी बसला. शुक्रवारी चाळीस मोटरी सुरू झाल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधीच दोन ऑपरेटर चक्कर येऊन पडले.

मालकांनी इंजिनिअरला तपासणीला बोलावलं. तो सवडीनं आला, गुरुवारी. एसी लावून मालक आणि तो बंद मोटरींमध्ये उभे राहिले.

"इथं चक्कर येते?" मालक कुडकुडत म्हणाले. "गायखे, गाडीतला माझा स्वेटर आणा. आणि उद्या त्या दोन नाटक्यांना केबिनमध्ये पाठवा!"