मांडीवरची वाळू

दरीवर ताणलेल्या तारेवरून पट्ट्यांत लटकून घसरत येताना ती मधोमध थांबली. चाकाची घरघर बंद झाली, तार थोडी हलली आणि सगळं शांत झालं. पायाखाली झाडांचे शेंडे होते, त्यांच्यामधून गरम झऱ्यांची वाफ वर येत होती. मागे तो म्हातारा ज्वालामुखी रोजच्यासारखा ढग डोक्यावर घेऊन बसला होता. त्याला काय, त्याला कुठे जायचं नव्हतं.

तिला जायचं होतं. समोरच्या मचाणाखाली पाहुण्यांची बस उभी होती. झऱ्यांत डुंबून आलेले लोक ओल्या केसांनी एकेक करून चढत होते. बस शहरात जायची. शहरात तिच्या थोरल्या बहिणीचं शिवणाचं दुकान होतं आणि दुकानात एक मशीन रिकामं होतं. "तू फक्त ये," ताई म्हणाली होती, "बाकीचं मी बघते."

अडकलेल्या पाहुण्यांना सांगतात तसं तिने तारेला हात घालून स्वतःला ओढून पाहिलं. हातभर पुढे सरकली. समोरच्या वाऱ्याने तेवढीच मागे आणून ठेवली.

हलक्या माणसाने या तारेवर रिकामं सुटायचं नाही, हा इथला पहिला नियम. वजन कमी पडलं की वाऱ्यापुढे चाक टिकत नाही. म्हणून पोरासोरांच्या आणि काडीपैलवानांच्या मांडीवर वाळूची पिशवी द्यायची, आकडा अडकवायचा आणि मगच सोडायचं. लग्न होऊन आल्यापासून आठ वर्षं ती वरच्या मचाणावरून लोकांना सोडत होती आणि नवरा खालच्या मचाणावर ब्रेकचा दोर धरून त्यांना झेलत होता. सगळ्यांत शेवटी ती स्वतः सुटायची, मांडीवर वाळू घेऊन. "आलं बाई आमचं तान्हं!" तो रोज म्हणायचा. सुरुवातीला तीही हसायची. मग दोघं पायवाटेने पुन्हा वर, घरी.

आज मांडीवर वाळू नव्हती, तिची बॅग होती. दोन्ही घेता आलं असतं. पण वजन जास्त झालं की माणूस जोरात येतो आणि झेलणाऱ्याचे तळहात दोराने सोलतात. जाता जाता त्याचे हात तिला सोलायचे नव्हते. शिवाय बॅगेत तिचं होतं नव्हतं ते सगळं होतं. वाळूला पुरून उरेल, असं ती धरूनच चालली. पाहुण्याची असती तर हातात तोलून पाहिली असती. स्वतःची तोलली नाही.

नवरा वाईट नव्हता. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. मारत नव्हता, पीत नव्हता, आवाजसुद्धा चढवत नव्हता. शहरात जाऊ म्हटलं की एवढंच म्हणायचा, "हंगाम संपू दे." या दरीत बारा महिने हिरवं, बारा महिने गरम पाणी, बारा महिने पाहुणे. हंगाम संपणार कुठून? सासूबाईंना तर काळजीच नव्हती. "एवढीशी काडी, जाऊन जाऊन जाणार कुठे?" पाहुणे म्हणायचे, तुम्ही स्वर्गात राहता. आणि एवढ्या उघड्या आभाळाखाली तिला कितीतरी वेळा श्वास कोंडल्यासारखं व्हायचं.

बसने हॉर्न दिला. नवरा तारेला लोंबकळत, हातावर हात टाकत तिच्याकडे निघाला होता. घाईत त्याने तारेवर चढतानाचे हातमोजेही घातले नव्हते. तिने ठरवलेली थाप मनात घोळवली. पाहुण्याची बॅग राहिलीय, बसमध्ये देऊन येते. रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी राहायचंच. द्यायला म्हणून चढायचं आणि उतरायचंच नाही.

तो धापा टाकत जवळ आला. "वाळू कुठाय?"

"घेतली नाही."

"तू? आणि वाळू नाही घेतलीस?" त्याची नजर बॅगेवर गेली. "ही कुणाची राहिली?"

थाप अगदी ओठांवर होती. पण खाली वाफ, वर तार आणि समोर त्याचा घामेजलेला, घाबरलेला चेहरा. तिला खोटं बोलवेना.

"माझी आहे," ती म्हणाली. "मी ताईकडे चाललेय, अहो. परत नाही यायची."

माणसाला ओढून न्यायचं तर त्याचं ओझं आधी आपल्या पट्ट्याला घ्यावं लागतं. त्याने बॅगेचा आकडा सोडवला, बॅग उचलली आणि तसाच थांबला. इतकी वर्षं माणसं झेलून त्याच्या हातांना वजन कळायचं. त्याने ती पुन्हा तोलली.

"वाळूपेक्षा हलकी आहे," तो पुटपुटला. "सगळं घेतलंयस?"

"सगळं."

"अजून काही असेल ना घरात तुझं?"

तिने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

तो वर बघत राहिला. तिथून घराचं छप्पर दिसत होतं. आता पुन्हा 'हंगाम संपू दे' निघणार, तिला वाटलं. खाली बसचं इंजिन सुरू झालं. संपलं सगळं, म्हणून तिने डोळे मिटले.

तोच तिला हिसका बसला. तो ओढत होता. इतक्या जोरात त्याने कुणालाच ओढलेलं तिने पाहिलं नव्हतं. मचाणावर पाय टेकले तेव्हा त्याचे तळहात सोललेले होते. तिचे पट्टे त्याने सोडले, पण बॅग दिली नाही. बॅग घेऊन तो शिडी उतरला आणि ओरडत बसकडे पळाला. ती त्याच्यामागे पळत सुटली. त्याच्या मनात काय आहे, तिला कळेना.

बस थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "सामान टपावर टाकायचं का?"

त्याने तिला आत खिडकीशी बसवलं.

"नको," तो म्हणाला. "मांडीवर मावतं तिचं सगळं."