तांब्यावरची ओळ

नातीच्या लग्नात द्यायचा तांब्या इंदुमतीबाईंनी नाव घालायच्या यंत्राखाली ठेवला आणि साऱ्या मुलखाला पाठ असलेली ओळ सांगितली : "तू वाट बघतेस, म्हणून समुद्राला किनारा आहे."

यंत्र चालायच्या ऐवजी बोलू लागलं. आवाज त्या ओळीच्या लेखकाचा होता. वारलेल्या लेखकांची मनं हल्ली यंत्रात जपली जात, आणि त्यांच्या संमतीशिवाय कुठलंच यंत्र त्यांची ओळ उमटवत नसे.

"बाई, माझ्या कादंबरीत हे एक लबाड माणूस बोलतो. बायकोला वाट बघायला लावतो आणि परत येतच नाही. लोकांनी त्यालाच प्रेम समजून माझ्या अर्थाची माती केली. संमती नाही."

दुकानदार भोसेकर ओशाळले. "काकू, दुसरं काही घालू या का?"

"का म्हणून?" इंदुमतीबाई कडाडल्या. "आमचे हे बोटीवर होते. दर वेळी निघताना हेच म्हणायचे आणि दर वेळी परत यायचे. तुमच्या कादंबरीतला नसेल आला. माझा आला!"

"पण वाक्य माझं आहे."

"होतं."

त्यांनी भोसेकरांची छिन्नी-हातोडी उचलली, तांब्या मांडीत धरला आणि जुन्या पद्धतीनं ठिपका-ठिपका ठोकत ओळ पुरी केली. त्या ठकठकीत लेखकाची हरकत कुणाला ऐकूच गेली नाही. मग खाली, रिवाजाप्रमाणे, देणारा म्हणून नवऱ्याचं नाव : भार्गव रेडकर यांजकडून सप्रेम भेट.

भोसेकर हळूच म्हणाले, "काकू, नावाआधी 'कैलासवासी' राहिलं."

"राहिलं नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "घातलं नाही."