बोराची फांदी

म्हातारी थांडेकिले बोराची फांदी घेऊन कोठडीत शिरली. झुलू मुलखातल्या या गावात इंग्रजांनी बांधलेल्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालं होतं. बंडात पकडलेले तिचे आजोबा इथेच वारले. अशा माणसाचा आत्मा फांदीवर बसवून घरी न्यायचा आणि तोवर दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, अशी रीत.

“मगिडलाना आजोबा, चला घरी,” ती म्हणाली.

दाराशी उभ्या तरुण झुलू गाईडने टोपी काढली. “माझे पणजोबाही इथेच गेले. त्यांना न्यायला कुणी आलंच नाही.”

थांडेकिलेने न बोलता डहाळी मोडून त्याच्यापुढे धरली.

ती घेऊन तो तसाच उभा राहिला. “इथल्या प्रत्येक गोऱ्या साहेबाचं नाव मला पाठ आहे, मावशी. पणजोबांचं घरात कुणालाच ठाऊक नाही. हाक काय म्हणून मारू?”