साहेबांचे आठ

"गेट बंद," चंद्रप्रकाश साहेब म्हणाले, तेव्हा सहदेवचा एक पाय गेटच्या आत होता. दरवानाने तो मागे घ्यायला लावला आणि अडसर सरकवला. सहदेवच्या मागे आणखी दहाबारा जण होते. ते एकमेकांकडे बघत राहिले, कारण भोंगा अजून झालाच नव्हता.

घाटकोपरच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात आठचा भोंगा संपेपर्यंत जो आत आला तो वेळेवर आला, असं धरत. पण मॅनेजरसाहेबांनी मागच्या आठवड्यात फोर्टातून स्विस घड्याळ आणलं होतं आणि तेव्हापासून त्यांचा भोंग्यावरचा विश्वास उडाला होता. आज ते स्वतःच गेटवर उभे होते. कोटाची बाही मुद्दाम वर सारलेली. एवढं महागाचं घड्याळ झाकून ठेवायचं तर घ्यायचं कशाला!

"सगळ्यांना लेट मार्क," ते टाइमकीपर नंदकुमारला म्हणाले. "कायम असतील त्यांचा पाव दिवसाचा रोज कापा आणि आत घ्या. बदलीवाले घरी."

बदलीवाला एकटा सहदेवच निघाला. बाकीचे कुरकुरत आत गेले.

सहा महिन्यांत एकही लेट मार्क नसला की बदलीवाला कायम होई. सहदेवचे सहा महिने आज संध्याकाळी भरत होते. कायम झाल्याशिवाय सुगंधाला गावाहून आणायचं नाही, असं त्याने लग्नातच सासऱ्याला सांगितलं होतं. परवा तो बायकोला आणायला निघणार होता. आता मार्क लागला की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

"साहेब, भोंगा झाला नाय अजून," तो गजांतून म्हणाला.

"भोंगा माणूस वाजवतो." साहेबांनी मनगट त्याच्यापुढे धरलं. "हे स्विस आहे. आठ वाजून एक मिनिट."

"चुकत असेल, साहेब."

दरवानाने चपापून पाहिलं. साहेब मात्र रागावले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसे हसले.

"अरे, आत सतरा माणकं आहेत त्याच्या. ते चुकत नसतं."

"मग नंदूभाऊंचं बघा. ते रोज सातच्या बातम्यांना हॉटेलातल्या रेडिओशी लावतात. आज मी बाजूलाच होतो, साहेब. एकत्र चहा घेतला आम्ही."

हे खरं होतं. दोघे एकाच चाळीतले. नंदकुमारचं घड्याळ जुन्या बाजारातलं, दिवसभरात हटकून मागे पडणारं, म्हणून तर तो ते रोज सकाळी न चुकता लावायचा. आत्ता त्यात आठाला दोन मिनिटं कमी होती.

"काय हो नंदकुमार? किती झाले तुमच्यात?"

नंदकुमारने घड्याळ पाहिलं. परत पाहिलं. साहेबांच्या तसल्या घड्याळाला चूक म्हणायला माणसाची तेवढी ऐपत लागते. नंदकुमारचा पगार एकशे दहा रुपये, आणि बढतीची यादी पुढच्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर जायची होती. सुगंधा येणार म्हणून चाळीतली खोली सहदेवला त्यानेच मिळवून दिली होती.

"माझं मागे आहे, साहेब," तो म्हणाला. "तीन मिनिटं. जुनं झालंय."

आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत त्याने चावी ओढून काटे पुढे केले.

थोड्याच वेळात भोंगा झाला. चांगला लांबलचक झाला. आजूबाजूच्या चाळींत त्यावर लोकांचे आठ वाजले, शाळेची घंटा झाली. साहेब मनगटाकडे बघून चुकचुकले.

"बघा! रोज तीन मिनिटं कारखाना बुडतोय आणि एकाला पत्ता नाही. उद्यापासून भोंगा माझ्या घड्याळावर."

"आणि सुटीचा, साहेब?" दरवानाने विचारलं.

"सुटीचा आहे तसा राहू दे."

साहेब ऑफिसकडे गेले. नंदकुमारने हजेरीबुकातल्या मार्च १९५५च्या पानावर सहदेवच्या नावापुढे लाल खूण केली. खूण स्वच्छ उमटली. दरवान तंबाखू मळत बाजूला झाला आणि गेटवर दोघेच उरले, मध्ये गज.

नंदकुमार शिवीची वाट बघत होता. स्वतःची त्याला किळस आली होती. सहदेवने आईबहिणीवरून चार शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. उद्या निदान त्याच्यासमोर बसून चहा तरी पिता आला असता.

सहदेवने हजेरीचा पितळी बिल्ला गजांतून आत दिला. मग जरा पुढे वाकला आणि गावच्या मालवणीत म्हणाला,

"नंदूभाऊ, केवढ्याक घेतल्यानी ता घड्याळ?"

"बाराशे," नंदकुमार खाली बघत म्हणाला.

सहदेवने हळूहळू मान डोलावली.

"मगे मी उशिराच इलंय."