बंपरचा डावा कोपरा

नवऱ्याने बंपरवर तिसरा हात फिरवायला घेतला, तेव्हा रफूवालीने सुई कापडातच खोवली आणि खिडकीतून नीट बघायला लागली. खिडकीच्या कट्ट्यावर त्याचा चहा निवत होता.

ज्या माणसाने पंचवीस वर्षं गाडी पावसाच्या भरवशावर सोडली होती, तो गेला महिनाभर दिवसाआड सकाळी बादली घेऊन अंगणात उतरत होता. पत्र्याला हातही लावत नव्हता. नुसतं काळं प्लास्टिक: बंपर, चाकांवरच्या कमानी, आरशाचं कवच, दारावरची पट्टी. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, कोरडं फडकं, आणि मग बाटलीतलं काळं मलम स्पंजवर घेऊन सावकाश चोळायचं. उन्हाने प्लास्टिक पांढरं पडतं, जपायला हवं, असं तो विचारल्यावर सांगायचा. सांगताना बघायचा मात्र फडक्याकडे.

तिच्या मनात शंकेची पाल केव्हाच चुकचुकली होती. आधी तिला वाटलं, कुणासाठी तरी गाडी नटवतोय. या वयात याला कोण मिळणार, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. मग वाटलं, पितोय, कारण हल्ली तो दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायचा. दोनदा तोंडाचा वासही घेऊन झाला. टूथपेस्टशिवाय काही सापडलं नाही.

त्यात तिच्या आईचं वागणं. सासू-जावयात कधी विस्तव जात नव्हता. आठवड्यातून तीनदा तो म्हातारीला गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचा, तेव्हा ती मागच्या सीटवर तोंड फुगवून बसायची. महिनाभरापासून मात्र दुखरा पाय कसाबसा आत ओढून ती पुढे, त्याच्या डाव्या हाताला बसत होती. स्वयंपाकघरात दोघं कुजबुजायची आणि रफूवाली आली की गप्प. एवढं गूळपीठ कशावरून जमलं, असं तिने विचारून पाहिलं, पण आईने ताकास तूर लागू दिली नाही.

नवरा शर्ट बदलायला आत गेला, तशी ती अंगणात उतरली.

कापड जिथे इतर जागेपेक्षा जास्त नीट दिसतं, भोक तिथेच असतं, हे तिला तीस वर्षांत पाठ झालं होतं. तिने गाडीला एक फेरी मारली. उजवीकडचं प्लास्टिक राखेसारखं करडं, पट्टीच्या फटीत कधीकाळच्या पॉलिशचे पांढरे डाग तसेच. डावी बाजू काळीभोर, नुकतीच शोरूममधून आल्यासारखी.

तिने बादलीतला ब्रश उचलून बंपरचा डावा कोपरा घासला. काळं पाणी ओघळलं. फडक्याने पुसल्यावर खालून ओरखडे निघाले, एकावर एक. एकात त्यांच्याच फाटकाचा हिरवा रंग होता, दुसऱ्यात फुटपाथच्या कडेचा पिवळा. तिसऱ्यात लाल. हा लाल कुठला, ते तिला कळेना. एखाद्या सायकलच्या चाकाच्या उंचीवर होता.

उजवीकडे एकही ओरखडा नव्हता. तो चौकटीला आपटायचा तो खांदाही डावाच. हल्ली ताटात उरायचं तेही डावीकडचं, आणि ती आपली त्याच्या जिभेच्या नखऱ्यांवर चिडायची. आणि अशा माणसाच्या हाती तिने आई सोपवली होती, आठवड्यातून तीनदा.

नवरा आणि आई बाहेर आली. आई काठी टेकत पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. नवऱ्याने डिकी उघडली आणि बाटली, स्पंज आत ठेवायला लागला. रफूवालीने कट्ट्यावरचा कप उचलला, हळूच जाऊन त्याच्या डाव्या खांद्याशी हातभर अंतरावर उभी राहिली आणि कप पुढे धरला. तोंडाने काही बोलली नाही.

त्याने डिकी बंद केली, हात झटकले.

"सासूबाई, चहाचं आज काही खरं दिसत नाही," तो म्हणाला. "निघू या आपण."

आईने एक नजर टाकली आणि रस्त्यावरचा खांब सांगावा तशी सवयीने बोलून गेली, "जावईबापू, डावीकडे. चहा."

त्याचा हात लगेच डावीकडे आला. मान मागाहून वळली. आईने जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. बायको केव्हापासून शेजारी उभी आहे, हे त्याला तेव्हा कळलं. तिने कप त्याच्या हातात दिला. तिला त्याची कीव आली आणि रागही तेवढाच आला.

"लाल रंग कुठला?" तिने विचारलं.

"टपालपेटीचा," दोघं एकदम म्हणाली.

उत्तर जरा जास्तच नीट आलं. तिने तळवा पुढे केला. गाडी ती त्याच्याआधी शिकली होती, लग्नानंतर स्टिअरिंग आपोआप त्याच्याकडे गेलं होतं एवढंच. त्याने खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. आईने पुढचं दार सोडलं आणि मागे जाऊन तोंड फुगवून बसली.

फाटकाशी येऊन रफूवालीने गाडी थांबवली.

"आधी ती टपालपेटी दाखवा," ती म्हणाली. "कुठे वळू?"

नवऱ्याने निवलेला चहा तोंडाला लावला.

"दवाखान्याला उशीर होईल," मागून आई म्हणाली.