पंधरा दिवसांची यादी

गॅस गळाला की भोंगा वाजवणारा एक प्रोग्रॅम कारेगावजवळच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर रात्रंदिवस चालायचा. बाहेरच्या कुणी तो ताब्यात घेतला, तरी त्याच्या हातून भलतंसलतं होऊ नये, म्हणून त्याला बांधून ठेवायचं काम अनिसकडं आलं. रीत साधी होती. पंधरा दिवस त्याला मोकळं सोडायचं, तो कशाकशाला हात लावतो ते टिपायचं आणि तेवढ्याचीच परवानगी लिहून द्यायची. यादीत नाही ते बंद, मग मागणारा कुणी का असेना. अनिसनं टिपलं, यादी लिहिली, लागू केली. साहेबांनी पाठ थोपटली.

थोरल्या भावाला, अलीमला, दफन केल्याच्या तिसऱ्या दिवशी कबरीवर जियारतीची दुआ मागून अनिस थेट कामावर आला आणि सर्व्हरवरच्या नोंदी उघडून बसला. कारखान्यात अलीमच्याच शेडमध्ये काम करणारे आण्णा दारात येऊन उभे राहिले.

"एवढा गॅस सुटला, आन् भोंगा गपच ऱ्हायला. तुझा प्रोग्रॅम झोपला व्हता का रं?"

"न्हाई आण्णा, जागा व्हता." अनिसनं पडद्यावरची नजर काढली नाही. "भोंगा वाजवू का म्हणून त्यानं एक्केचाळीस येळा इचारलं."

"मग?"

"यादीत भोंगा नव्हता."

"आसं कसं? लिवायचं इसरला व्हय?"

"इसरलो न्हाई," अनिस म्हणाला. "त्या पंधरा दिवसांत गॅस एकदाबी गळाला नव्हता."