पाठवणीचा आवाज

पेटीचा लाल दिवा पुन्हा लुकलुकायला लागला, तेव्हा सिद्धोधननं स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. गीताबाईंकडे बघायचं त्यानं टाळलं.

"मावशी, अजून न्हाई झालं."

"कर की सावकाश. आमी बसतो."

गीताबाई आणि सटवाजी सकाळच्या एसटीनं बोरीहून जिंतूरला आले होते, थेट त्याच्या फोटो स्टुडिओत. उन्हाळ्यात त्यांच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नाचं शूटिंग सिद्धोधननंच केलं होतं. दिवाळीच्या आधी ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

लग्नाची फिल्म पेनड्राइव्हवर त्यांच्या घरी होतीच. ती त्यांना नको होती.

"पाठवणीच्या टायमाला पोरगी माझ्या कानापाशी कायतरी बोलली," आल्या आल्या गीताबाईंनी सांगितलं होतं. "बँडवाले तिथंच वाजवायले होते. मला कायबी कळलं न्हाई. पिक्चरमधी बघितलं, तर तिथं तू गाणं टाकलंस."

पाठवणीला सगळेच गाणं टाकतात. पण सिद्धोधनला आठवलं. नवरदेवाच्या हौसेखातर त्यानं नवरा-नवरी दोघांनाही कॉलरचा माईक लावला होता. नवरीचा काढायचा राहून गेला, आणि गाडी निघायच्या वेळी त्यानं धावत जाऊन तो काढून घेतला. त्यातला आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

तो आवाज या काळ्या पेटीत होता. स्टुडिओतलं सगळं शूटिंग तिच्यातच साठवलेलं. दोन्ही कॉम्प्युटर वायरनं तिलाच जोडलेले. गेल्या आठवड्यात तिचं अपडेट चालू असताना लाईट गेली आणि पेटीला जागं करणारा, तिच्या बोर्डावरचा प्रोग्राम अर्धवट लिहिला गेला. आतल्या डिस्क शाबूत होत्या. पण त्यांना कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली त्याच बोर्डात होती.

"दुसरी पेटी घेतली तर?" सटवाजींनी विचारलं.

"नवी पेटी चालू व्हईल, काका. आतलं जाईल."



सिद्धोधननं बोर्डावरच्या बारक्या पिनांना वायरी पुन्हा नीट बसवल्या आणि दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं. पेटी चालू केली. काळ्या पडद्यावर अक्षरं सरसर आली आणि नेहमीच्या ठिकाणी अडकली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. अडकायच्या आधी, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात, बटण दाबायचं होतं. कितीतरी वेळा हुकलं. मग एकदा पेटी थांबली आणि त्याच्या हुकमाची वाट बघू लागली.

आता तो प्रोग्राम नव्यानं पाठवून बोर्डावर लिहायचा होता. लिहिताना करंट गेला, तर बोर्ड कायमचा मेला. त्यानं पेटी इन्व्हर्टरवर घेतली. पंखा बंद केला, बाहेरच्या पाटीचा दिवा विझवला. सटवाजी उठले आणि दारात उभे राहिले.

"कुणाला आत येऊ देत न्हाई. तू कर."

पडद्यावरचे आकडे वाढत राहिले. मधेच लाईट गेली. इन्व्हर्टर कुईकुई करू लागला. गीताबाईंनी पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, आपल्या हातानं काही बिघडेल म्हणून.

लाल दिवा विझला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग हिरवा लागला, आणि एकेक डिस्क गुरगुरत फिरायला लागली.

सिद्धोधननं फाईल शोधली. हेडफोन हातात घेऊन तो थांबला.

"मावशी, आधी मी ऐकतो. मग तुमाला लावतो."

"न्हाई. तिनं मला सांगितलेलं हाय ते."

त्यानं हेडफोन खाली ठेवला. माईकचा आवाज मूळ शूटिंगला जोडला आणि स्पीकर लावला.

बँडचा गोंगाट लांबून आल्यासारखा आला. माईकवर शालू घासल्याचा खरखराट. रडून धाप लागलेला श्वास, अगदी जवळ. मग राजनंदिनीचा आवाज, घाईनं, दबक्या सुरात:

"आई, पंधरा दिवसांनी मला न्यायला ये. मी फोनवर नको म्हणलं तरी ये."

सिद्धोधनचा हात माऊसवरच राहिला.

दारातून सटवाजी म्हणाले, "दर बारीला इचारलं म्या तिला, येऊ का म्हणून. नका येऊ बाबा म्हणायची. लय बरं हाय म्हणायची." ते रस्त्याकडेच बघत होते.

गीताबाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्याकडे बघत होत्या. तिथं नवं लुगडं नेसलेली एक बाई पदरानं पोरीचं तोंड पुसत होती, आणि जोरजोरात मान हलवून म्हणत होती, "व्हय गं बाई, व्हय, व्हय."